वहीत नाव नसलेला मुलगा

काशीला दुर्गाघाटाच्या बाजूला गल्ल्या इतक्या अरुंद आहेत की समोरून बैल आला तर माणसाला भिंतीला पाठ टेकून उभे राहावे लागते. तिथल्या एका मराठी तीर्थोपाध्यायांच्या घरात माळ्यावर लाल कापडात बांधलेल्या वह्या आहेत. यात्रेकरू दारात येतो, गाव सांगतो, आडनाव सांगतो. गुरुजी नेमके गाठोडे खाली काढतात, पाने उलटतात आणि त्याच्या पणजोबांची मोडीतली सही त्याच्यासमोर ठेवतात. पाहणाऱ्याचे डोळे भरून येतात. गुरुजी मात्र तेवढ्या वेळात आणखी एक गोष्ट पाहून घेतात. यांच्या वाडवडिलांनी गावी गेल्यावर पैसे पाठवतो म्हणून सांगितले होते, ते पाठवले की नाही?

वाटेत पैसे संपलेल्या यजमानाला परतीच्या भाड्यापुरते पैसे देणे या घराला नवे नव्हते. कागद नाही, तारण नाही. वहीत नाव आहे एवढे पुरे.

या घरातला मुलगा बनारस हिंदू विद्यापीठातून एम.एस्सी. झाला आणि 2016 च्या ऑगस्टमध्ये पुढच्या शिक्षणासाठी अमेरिकेला गेला. पैशाची तशी अडचण नव्हती. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत रक्कम बाहेर पाठवता येते, आणि या घराला लागणारी रक्कम त्याच्या आसपासही नव्हती. वडिलांनी फी भरली, सहा महिन्यांच्या खर्चाची तजवीज केली आणि निश्चिंत झाले.

तिथे बँकेत खातेही सहज उघडले. पासपोर्ट, विद्यापीठाचे पत्र, राहण्याचा पत्ता, एवढ्यावर काम झाले आणि आठवड्यात डेबिट कार्ड हातात आले. करखात्याच्या फॉर्मवर मात्र त्याची ओळख 'नॉनरेसिडेंट एलियन' अशी होती. एलियन म्हणजे परग्रहावरचा, एवढेच ठाऊक असलेल्या धाकट्या बहिणीला फोनवर हसू आवरेना.

हसू थांबले ते भाड्याचे घर शोधताना. कचेरीतल्या बाईंनी सगळी माहिती संगणकात घातली, थोडा वेळ पडद्याकडे पाहिले आणि सांगितले की तुमची नोंद सापडत नाही. नोंद वाईट होती असे नाही, ती नव्हतीच. आता एक तर अमेरिकेतला कुणीतरी जामीन आणा, नाहीतर काही महिन्यांचे भाडे आधी भरा. मोबाइलचेही तेच. महिन्याच्या बिलावर जोडणी हवी तर अनामत ठेवा.

रात्री त्याने घरी फोन केला. वडील म्हणाले, "अरे, आपल्या घराने कुणाचा पैसा कधी बुडवला नाही. हे सांग ना त्यांना."

"कुणाला सांगू, बाबा? खुर्चीवर बाई होत्या, पण निर्णय त्यांच्या हातात नव्हताच."

वडिलांना हे लागले. लागण्यासारखेच होते. ज्या घराने परक्या गावच्या माणसाची पत पिढ्यान्‌पिढ्या ओळखली, त्याच घरातला मुलगा परक्या गावी जाताच बेपत झाला होता.

खरे तर परक्याची पत हा प्रश्न काशीला चांगलाच ओळखीचा. महाराष्ट्रातून येणारा यात्रेकरू रोकड बाळगायला भ्यायचा, आणि ते भय खोटे नव्हते. वरसईचे विष्णुभट गोडसे 1857 साली दक्षिणेच्या आशेने उत्तरेत गेले आणि हाती आलेला पैसा झाशीच्या धामधुमीत गमावून बसले. म्हणून लोक आपल्या गावच्या सावकाराकडे पैसे भरून काशीच्या पेढीवरची हुंडी घेत. या पेढ्या काही लहानसहान नव्हत्या. गोपालदास मनोहरदास यांच्यासारख्या बनारसी सराफांच्या हुंड्या अठराव्या शतकाच्या अखेरीस सुरतेपर्यंत चालत आणि ईस्ट इंडिया कंपनीही पैसा हलवायला त्यांचाच आधार घेई.

त्यातला एक प्रकार होता शाहजोग हुंडी. तिचे पैसे द्यायचे ते फक्त 'शाहा'ला, म्हणजे बाजारात ज्याचे नाव आहे अशा गृहस्थाला. हुंडी अस्सल असली तरी ती घेऊन आलेल्या अनोळखी माणसाला पेढीने पैसे मोजावेत असे नव्हे. त्याने आधी गावातला कुणी शाहा गाठायचा, आणि शाहाने माणसाची खात्री करून घेऊन मग हुंडी वटवायची. हुंडी नाकारली गेलीच तर अडचण नको, म्हणून काही वेळा सोबत जिकरी चिठ्ठी दिली जाई. तिच्यात त्याच गावातल्या दुसऱ्या एखाद्या व्यापाऱ्याचे नाव असे. थोडक्यात, पैसा असला तरी ओळख देणारा कुणी लागतच असे.

अमेरिकेतही पूर्वी निराळे नव्हते. लुईस टॅपन हा न्यूयॉर्कचा रेशमाचा व्यापारी 1837 च्या मंदीत बुडाला. दूरच्या गावातल्या दुकानदारांना माल उधार दिला, पण माणसे पारखायची कशी हे त्याला कळले नव्हते. 1841 साली त्याने 'मर्कंटाइल एजन्सी' काढली. गावोगावचे वकील आणि प्रतिष्ठित लोक तिला पत्रे लिहून कळवीत, की अमका दुकानदार सचोटीचा आहे, तमका दारू पितो. हा सगळा मजकूर मोठमोठ्या वह्यांत उतरवला जाई. वह्यांचे महत्त्व त्या देशाला अजूनही आहे म्हणा! हरिद्वारच्या पंड्यांच्या वह्यांचे मायक्रोफिल्म करून नेले ते युटामधल्या वंशावळी संस्थेनेच. फक्त त्या वह्यांवर तिथे भाड्याची खोली मिळत नाही.

पुढे माणसांच्या मतांची जागा आकड्यांनी घेतली. फेअर आणि आयझॅक या दोघांनी 1956 साली कंपनी काढली, आणि 1989 पासून त्यांचा तीनशे ते साडेआठशेच्या दरम्यानचा 'फायको' आकडा रूढ झाला. इक्विफॅक्स, एक्स्पिरियन आणि ट्रान्सयुनियन या तीन संस्थांकडे प्रत्येकाच्या कर्जफेडीच्या नोंदी जमतात आणि त्यावरून हा आकडा निघतो. त्यात पगार मोजत नाहीत, बँकेतली शिल्लक मोजत नाहीत, आणि घराणे तर नाहीच नाही. घराण्याचा अभिमान असणाऱ्याला हे झोंबते. पण ज्याच्या आजोबांचे नाव कुठल्याच वहीत नाही, त्याला याच आकड्याचा आधार वाटत असेल, हेही खरे.

मुलाला विद्यापीठाच्या ग्रंथालयात काम मिळाले. आठवड्याला वीस तासांपर्यंत अशी नोकरी विद्यार्थ्याला करता येते, आणि तिच्यामुळे त्याला सोशल सिक्युरिटी क्रमांक मिळाला. मग बँकेने त्याला 'सिक्युअर्ड' कार्ड देऊ केले. तीनशे डॉलर बँकेत अनामत ठेवायचे आणि कार्डावर तेवढीच उधारी मिळायची.

आईने ऐकले आणि म्हणाली, "म्हणजे आपलेच पैसे आपणच उसने घ्यायचे? आणि वर बँकेचे आभार मानायचे?"

तेच करायचे होते. आयुष्यात कधी कर्ज काढले नाही हे आपल्याकडे अभिमानाने सांगतात. तिथे ज्याने कर्ज काढलेच नाही त्याच्याविषयी यंत्राला बोलण्यासारखे काही नसते. पहिले खाते सहा महिन्यांचे झाल्याशिवाय फायको आकडा निघतच नाही.

सात महिन्यांनी आकडा निघाला, पण अपेक्षेपेक्षा कमी. मुलगा चक्रावला. त्याने एकही बिल चुकवले नव्हते. दर महिन्याला किराणा, पुस्तके आणि बसचा पास मिळून दोनशे ऐंशी-नव्वद डॉलर कार्डावर खर्च करायचा आणि बिल येताच सगळे फेडायचा. चूक तिथेच होती. बिल निघते त्या दिवशीची बाकी कळवली जाते, आणि तीनशेपैकी दोनशे नव्वद वापरलेला माणूस यंत्राला ओढगस्तीचा वाटतो. आकड्यात वेळेवर फेडीचा वाटा पस्तीस टक्के असतो आणि किती उधारी वापरली याचा तीस टक्के. उरलेल्यात खाते किती जुने, नवी उधारी किती मागितली आणि कर्जे कुठल्या प्रकारची, हे पाहतात. म्हणून जाणकार सांगतात की मर्यादेच्या तिसऱ्या हिश्शाच्या आतच राहावे, एकदम चार ठिकाणी अर्ज करू नयेत, आणि पहिले कार्ड जुने झाले तरी बंद करू नये. बिल तीस दिवसांहून अधिक थकले आणि तशी नोंद झाली, तर ती सात वर्षे पुसली जात नाही.

"पूर्ण पैसे फेडूनही अब्रू कमी?" वडिलांना हे शेवटपर्यंत पटले नाही. मुलाने मात्र बिल निघायच्या आधीच निम्म्याहून जास्त रक्कम भरायला सुरुवात केली. दीड वर्षाने आकडा सातशेच्या पुढे गेला, बँकेने अनामत परत केली आणि कार्ड साधे झाले. (2019 साली अमेरिकन एक्स्प्रेसने भारतासारख्या देशांतला पतइतिहास वाचून नवागतांचे अर्ज तपासायला सुरुवात केली. पण त्यासाठीही इथे आधी काही उधारी केलेली असावी लागते, आणि विशीतल्या किती मुलांच्या नावावर ती असते?)

2018 च्या ऑगस्टमध्ये बनारसहूनच आणखी एक मुलगा त्या विद्यापीठात आला. कचेरी तीच आणि उत्तरही तेच. तो याच्याकडे आला आणि चाचरत म्हणाला, "भैया, जामीन राहाल का?"

वर्षभराच्या भाड्याचा करार होता. त्या मुलाने भाडे थकवले तर ते याच्याकडून वसूल होणार, आणि हाही भरू शकला नाही तर नोंद याच्या नावावर लागणार. दोन वर्षे एकेक बिल सांभाळून जमवलेली पत दुसऱ्याच्या हाती द्यायची होती. त्याने एक दिवस मागून घेतला आणि घरी फोन लावला.

वडिलांनी आधी रक्कम विचारली. मग थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग विचारले, "गाव कुठलं त्याचं?"

"मूळचे बिहारातले, बाबा. आपल्या यजमानांपैकी नाहीत."

"नसू देत. वडील काय करतात? इथे कुठे राहतात?"

त्याने पत्ता सांगितला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी वडील अस्सीकडे त्या घरी जाऊन, चहा घेऊन आले. रात्री त्यांचाच फोन आला. "सही कर. माणसं बरी आहेत. आणि त्यांची वही कुठल्या पंड्याकडे आहे, तेही विचारून ठेवलंय मी."