डब्याच्या टोकाची जागा

वर्गात युरोपचा नकाशा टांगला होता. पॅरिसवरून बोट सरकवत मी इस्तंबूलला आले, तेव्हा मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "आपा, इतके सगळे मुल्क एकाच गाडीत?" मग ओरिएंट एक्स्प्रेस सांगणं भागच होतं.

जॉर्ज नागेलमाकर्स या बेल्जियमच्या गृहस्थाने ४ ऑक्टोबर १८८३ रोजी ती पॅरिसहून सोडली. म्युनिक, व्हिएन्ना, बुडापेस्ट, बुखारेस्ट. पुढे रूळच जोडलेले नव्हते. डॅन्यूब बोटीने ओलांडायची, दुसरी गाडी धरून वार्ना गाठायचं, तिथून जहाज. थेट इस्तंबूलपर्यंत रूळ पोहोचले १८८९ मध्ये. मखमली बैठका, चांदीची भांडी, गरम जेवण हे सगळं सांगितलं; पण मुलांना नवल वाटलं ते वेगळ्याच गोष्टीचं. रात्री सरहद्द आली तरी प्रवाशाला कुणी उठवत नसे! कंडक्टर सर्वांचे पासपोर्ट आधीच स्वतःकडे घेऊन ठेवी. मुसाफिर झोपलेला आणि मुल्क बदललेला. हा कंडक्टर रात्रभर डब्याच्या टोकाला, बोळातल्या छोट्या बैठकीवर बसून असे, घंटी वाजली की उठे. अगाथा ख्रिस्तीच्या १९३४ च्या कादंबरीतही तो तिथेच बसलेला आहे.

मला ती बैठक न वाचताही माहीत होती.

आमचे अब्बा एसी डब्यात बेडरोल द्यायचे. ठेकेदाराकडे. संडासाजवळ चादरींच्या कपाटाशेजारी जेमतेम पाय दुमडतील एवढी त्यांची जागा. एक टॉवेल कमी भरला तर पगारातून कापला जाई. शाळेत मी सांगायची, "अब्बा रेल्वेत आहेत." मैत्रिणी टीसी समजायच्या. मी समजू द्यायची. त्याच पगारातून माझ्या बी.एड.ची फी गेली, तरी मी कधी खुलासा केला नाही. अब्बांना हे ठाऊक होतं की नाही, ते विचारायचं राहिलं.

ती जुनी थेट गाडी १९७७ मध्ये बंद पडली. १९८२ पासून एका खासगी कंपनीने १९२० च्या दशकातले जुने डबे दुरुस्त करून शौकिनांसाठी चालवले. एका रात्रीचं भाडं काही लाख रुपये; आणि गंमत अशी की जुन्या खोल्यांत न्हाणीघरच नाही! डबा ऊब धरतो तो कोळशाच्या शेगडीवर. ती पेटती ठेवायची जबाबदारी डब्याच्या नोकराची. लोक लाखो रुपये मोजून शंभर वर्षं मागे जातात, आणि तो माणूसही त्यांच्याबरोबर मागे जातो. हे त्यांच्या फोटोंत फारसं दिसत नाही.

उमराहून परतताना आमच्या टूरवाल्यांनी इस्तंबूलला दोन दिवस मुक्काम दिला. सगळे बाजारात गेले, मी अम्मीला घेऊन सिर्केजी स्टेशनवर गेले. १८९० ची इमारत, रंगीत काचांच्या गोल खिडक्या. २०१३ पासून लांबच्या गाड्या इथे येत नाहीत. खाली भुयारातून शहराची लोकल धावते. वरचे फलाट सुनसान. मी अम्मीला पॅरिस, राजे-रजवाडे, चांदीचे चमचे सगळं सांगत होते.

अम्मीने बाकावर बसून चपला काढल्या, रुळांकडे बघितलं आणि विचारलं, "यहाँ चादराँ कौन देता था?"