एक्सप्लांट

जळगावच्या टिश्यूकल्चर प्रयोगशाळेत स्पिरिटच्या दिव्यावर चिमटा तापतो, स्काल्पेलला नवे पाते चढते आणि समोर येतो केळीचा मुनवा. वरून खोड वाटते ते सगळे पानांच्या तळांचे वेटोळे. खरे खोड कंदात. एकेक पापुद्रा सोलत तळाशी पांढुरका कोंब लागेपर्यंत आत जायचे. कंदाच्या कपचीसकट तो कापून बाटलीत ठेवला, की झाला एक्सप्लांट.

शब्द लॅटिन घराण्यातला. ‘एक्स’ म्हणजे बाहेर, ‘प्लांटारे’ म्हणजे लावणे. लावलेले उपटून काढणे. पेसमेकर किंवा कृत्रिम झडप शरीरातून काढली, तरी शल्यविशारद हाच शब्द वापरतात. (धुळ्याकडचे पेशंट ‘रॉड टाकला’, ‘रॉड काढला’ एवढ्यावर भागवतात आणि त्यांचे काही अडत नाही.) शस्त्रक्रियेत काढलेली वस्तू ट्रेमध्ये जाते, प्रयोगशाळेत कापलेला तुकडा जगवायचा असतो. ही धडपड जुनी. १९०२ मध्ये वनस्पतिशास्त्रज्ञ हाबरलांटने वनस्पतीच्या सुट्या पेशी पोषणद्रवात जगवल्या, पण त्यांचे विभाजन काही झाले नाही. १९०७ मध्ये प्राणिशास्त्रज्ञ हॅरिसनने बेडकाच्या भ्रूणातला चेतातंतू लसिकेच्या थेंबात वाढवून दाखवला.

तुकडा केवढा घ्यायचा, यात खरा हात दिसतो. मोठा घेतला तर तो तग धरतो, पण कंदातले जिवाणूही सोबत येतात आणि काही दिवसांत बुडाशी दुधाळ वलय दिसते. मिलिमीटरहून बारीक टोक घेतले, तर विषाणू मागे राहण्याची आशा वाढते, पण एवढासा जीव तगेलच असे नाही. त्यात केळी कापली की काळी पडते. जखमेतून फेनॉल झिरपतात, बाटलीतले पोषक माध्यम तपकिरी होते. म्हणून तुकडे अ‍ॅस्कॉर्बिक आम्लाच्या पाण्यात बुडवतात. पाते भोथरे असेल तर पेशी चिरडतात, काळेपणा आणखी वाढतो. पात्यात काटकसर करणारी प्रयोगशाळा शेवटी बाटल्या फेकते.

एका कंदातून शेकडो रोपे निघतात. मात्र कोंब विभागून पुन्हा वाढवण्याच्या फेऱ्या वाढवत नेल्या तर बुटकी, चमत्कारिक पानांची रोपे डोकावू लागतात. म्हणून फेऱ्यांना मर्यादा आणि विक्रीआधी विषाणूंची चाचणी.

तरीही रावेर-यावलकडे बागेत हरण्या रोग आला, की शेतकऱ्याचे बोट आधी रोपाकडे जाते. शंका रास्त आहे, तपासायलाच हवी. पण हरण्या ज्यामुळे होतो, तो कुकुंबर मोझॅक विषाणू मावा किडीबरोबर काकडीवर्गीय वेलांवरूनही येतो आणि कोवळे टिश्यूकल्चर रोप त्याला चटकन बळी पडते. म्हणूनच केळीत काकडी-भोपळ्याचे आंतरपीक घेऊ नका, असे सांगतात.