बापाच्या खिशातला मोबाईल

सोलापूरहून एस.टी.ने निघाले की तासाभरात बालाघाटचा डोंगर चढून गाडी तुळजापुरात येते. बहुतेक प्रवासी महाद्वाराकडे वळतात. आपण मात्र नळदुर्ग रस्त्याला लागून एखाद्या फाट्यावर उतरू. तिथून चालत वाड्या-वस्त्यांवर गेले की जिल्हा परिषदेच्या शाळा भेटतात. एक-दोन खोल्या, पटावर मोजकी मुले.

तिथल्या मुलाच्या दप्तरातले बालभारतीचे पुस्तक उघडून बघा. त्यात काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचा चौकोन छापलेला दिसेल. हा क्यूआर कोड. 'दीक्षा' ॲपमधून मोबाईलचा कॅमेरा त्यावर धरला की धड्याचे चित्रीकरण नाहीतर प्रश्नसंच उघडतो. ही कल्पना कुणा बड्या शहरातून आलेली नाही. शेजारच्या सोलापूर जिल्ह्यात, माढा तालुक्यातील परितेवाडीच्या जि.प. शाळेत रणजितसिंह डिसले गुरुजींनी ती आधी करून पाहिली. २०१७ साली राज्याने पाठ्यपुस्तकांसाठी ती स्वीकारली. २०२० मध्ये डिसले गुरुजींना दहा लाख डॉलरचा जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला, तेव्हा त्यांनी अर्धी रक्कम इतर नऊ स्पर्धक शिक्षकांना वाटून टाकली!

एवढे सगळे खरे, पण मोबाईल कुणाकडे? शाळेत गुरुजींचा एक, त्याभोवती सगळी डोकी. घरी बापाचा, आणि तो सकाळीच कामावर जातो. रात्री हाती आला तर आधी थोरल्या मुलाला. धाकट्या मुलीची पाळी येईतो बॅटरी संपलेली.

मार्च २०२० मध्ये शाळांना कुलूप लागले तेव्हा हे उघडे पडले. शिक्षण मोबाईलवर गेले आणि ज्यांच्या घरी मोबाईल नव्हता ती लेकरे बाहेर राहिली. १६ नोव्हेंबर २०२० ला राज्यातील देवळे उघडली, तुळजापूरचेही. खेड्यातील पहिली ते चौथीचे वर्ग मात्र सरकारने उघडले ते १ डिसेंबर २०२१ ला. मधल्या लाटेत देवळे पुन्हा बंद झाली होती, हेही सांगायला हवे. तरी आधी काय उघडायचे याचा क्रम आपण डोळ्यांनी पाहिला.

मोबाईलने मुले बिघडतात, असे म्हणून तो वर्गाबाहेर ठेवणारे पुष्कळ आहेत. युनेस्कोनेही २०२३ च्या अहवालात सावध केले, की शिकण्याला उपयोग होत असेल तरच यंत्र वर्गात आणा. पटण्यासारखे आहे. मुलाच्या हाती एकट्याने दिलेला मोबाईल वेगळा आणि दहा जणांनी मिळून पाहिलेला धडा वेगळा. धडा पाहून झाला की पडदा बंद, मग पाटी-वही. आपल्या विहारातल्या संध्याकाळच्या अभ्यासालाही एखादा जुना मोबाईल पुरेल. रेंज नसलेल्या वस्तीवर नेण्याआधी तुळजापुरातच धडे उतरवून घ्यावेत; ते नेटशिवाय चालतात.

ऊसतोडीला जाणाऱ्या मायबापांनी हे जरूर ध्यानात ठेवावे. दिवाळीनंतर बिऱ्हाड हलते तेव्हा मुलाचे पुस्तक सोबत घ्या. मोबाईलचा कॅमेरा फुटका असला तरी अडत नाही. त्या चौकोनाखाली सहा अक्षर-अंकांचा संकेत छापलेला असतो. 'दीक्षा'त तो टाकला की कोपीतही धडा उघडतो.