फायलीतली झेरॉक्स

आमच्या साताऱ्याकडील वृद्ध रुग्णांची फाईल उघडली, की ईसीजीच्या आधी हाती लागते ती आधारकार्डाची झेरॉक्स. सांगली-मिरजेच्या मोठ्या रुग्णालयांत जाऊन आलेल्या फायलींत तर तिच्या तीन-चार प्रती असतात. मी काही विचारण्याआधीच एखादे आजोबा ती पुढे करतात. रक्तदाब मोजण्यास किंवा मधुमेहाची गोळी बदलण्यास मला त्या बारा अंकांची गरज नसते. वय, जुने आजार आणि चालू औषधे एवढी माहिती पुरते.

गरज असते तेथे मात्र आढेवेढे घेऊ नयेत. सत्तरी ओलांडलेल्यांसाठी २०२४ मध्ये सुरू झालेले आयुष्मान वय वंदना कार्ड आधारवरूनच निघते. निवृत्तिवेतनासाठीचा डिजिटल हयातीचा दाखलाही तसाच. केवळ ओळख पटवायची असेल, तर शेवटचे चारच अंक दिसणारे ‘मास्क्ड’ आधार बहुतेक ठिकाणी पुरेसे ठरते. फोनवर ‘तुमचे कार्ड अडकले आहे’ असे सांगून क्रमांक आणि ओटीपी मागणाऱ्याला दोन्ही देऊ नयेत, मग तो कितीही आदराने बोलो.

खरी काळजी अंगठ्याची आहे. गावातल्या बँकमित्राच्या यंत्रावर बँकेचे नाव, आधार क्रमांक आणि बोटाचा ठसा एवढ्यावर पैसे निघतात. एटीएम कार्ड लागत नाही, पिनही नाही. ज्या आजींना तालुक्याची बँक गाठवत नाही, त्यांच्यासाठी ही मोठीच सोय. पण वयाने, शेतातल्या कष्टाने, इसबाने बोटांवरच्या रेषा झिजतात; कॅपेसिटाबिनसारख्या कर्करोगावरील औषधानेही कधी कधी त्या पुसट होतात. मग ‘पुन्हा लावा, पुन्हा लावा’ सुरू होते. अशा वेळी प्रत्येक प्रयत्नाआधी पडद्यावरची रक्कम सोबतच्याने वाचावी आणि व्यवहार फसला असेल, तर तसे लिहिलेली पावती मागून घ्यावी. दाखल्यासाठी चेहरा किंवा डोळ्यांच्या बुबुळांवरूनही ओळख पटवता येते; झिजलेली बोटे दाबत बसण्यात अर्थ नाही.

विस्मरणाचा आजार असलेल्यांची गोष्ट निराळी. सांगली जिल्ह्यातल्या अशा एका आजी औषधाची वेळ विसरतात, परंतु गोड बोलून विचारणाऱ्या कुणालाही आपला क्रमांक खडाखडा सांगतात. त्यांना रागावून उपयोग नव्हता. सुनेने मूळ कार्ड स्वतःकडे ठेवले, फायलीतल्या झेरॉक्स काढून फाडल्या आणि आधारच्या ॲपवरून सासूबाईंचे बायोमेट्रिक लॉक केले. त्यासाठी आधारला जोडलेला मोबाइल चालू असावा लागतो. तो आधी बंद पडलेला होता, म्हणून आधार केंद्रात एक फेरी झाली. आता पैसे काढायच्या दिवशी ती लॉक थोड्या वेळापुरते उघडते. अडले तर १९४७ हा आधारचा मदत क्रमांक आहे. तिने तो फ्रिजवर औषधांच्या तक्त्याशेजारी लिहून ठेवला आहे.