पोटातला कॅशिअर

सावद्यात राहून मधुमेह व्हावा, हा नशिबाचा चावटपणाच म्हणायचा. दारावरून केळीच्या घडांचे ट्रॅक्टर जातात. २०१६ साली जळगावच्या केळीला भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हापासून तर जास्तच ऐटीत जातात. आणि आपण बशीत चार चकत्या मोजून घ्यायच्या!

डॉक्टरांनी वोग्लिबोज नावाची गोळी दिली. मी पडलो कॉमर्सचा. ती मला काउंटरच्या भाषेतच कळली. आतडं फक्त सुटे पैसे घेतं. ग्लुकोज, फ्रुक्टोज हे सुटे. साखर म्हणजे दोघांची मिळून एक नोट; पिठूळ स्टार्च म्हणजे अख्खं बंडल. मोड द्यायला लहान आतड्याच्या भिंतीवर सुक्रेज, माल्टेज वगैरे विकरं बसलेली असतात. गोळी पहिल्या घासाबरोबर जाते आणि खिडकी अडवते. नोट देत नाही, नुसत्या चौकश्या करते. (असे ग्राहक आमच्याकडेही येतात, तेही नेमके डबा उघडताना.) मागे रांग लागते, साखर रक्तात सावकाश पोचते. ज्यांचा नंबर लागत नाही त्यांचा मोठ्या आतड्यातले जंतू वायू करतात. पुढचं सांगत नाही; शेजारच्या टेबलावरच्या भाऊंनी पंख्याखालची जागा मागितली आहे.

अशा औषधांची पहिली परीक्षा पुष्कळदा यीस्टच्या विकरावर होते. स्वस्त पडतं. शिवाय मान त्याचाच: क्यूने या जर्मन शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकात घडवलेल्या 'एन्झाइम' शब्दाचा ग्रीक अर्थच मुळी 'यीस्टमध्ये'! पण साक्षीदार पक्का नाही. माझ्या गोळीचं थोरलं भावंड अकार्बोज माणसाच्या विकराला चांगलं अडवतं, यीस्टच्या विकराला फारसं दाद देववत नाही. म्हणून कधी माणसाचंच विकर यीस्टकडून करवून घेतात. १९८६ साली जपानी संशोधकांनी माणसाच्या लाळेतल्या अमायलेजचा जीन यीस्टमध्ये घातला. पाव फुगवणाऱ्या यीस्टला एरवी स्टार्च पचत नाही. ते बिचारं माणसाचं विकर बाहेर सोडू लागलं. आमचा कॅशिअर परक्या शाखेत डेप्युटेशनवर!

केळं मात्र या सगळ्यांना पुरून उरतं. कच्चं असताना ते स्टार्चचं बंडल. पिकताना स्वतःच मोड करून ठेवतं. त्यातलं तयार ग्लुकोज खिडकीवर न थांबता थेट आत. गोळी बघत राहते.

म्हणूनच डॉक्टरांनी बजावलंय: दुसऱ्या गोळीने रक्तातली साखर एकदम उतरली, तर पेढा नको, ग्लुकोज घ्या. पेढा रांगेत अडकेल. सौ.ने पुडी डब्याच्या पिशवीत ठेवली आहे. आमचा शिपाई विचारतो, "साहेब, चहात टाकू का थोडी?"