दाराशी उभा असलेला

वसईकरांना आतिथ्य शिकवावे लागत नाही. सणाच्या दिवशी घरी आलेल्या माणसाला जेवल्यावाचून परत पाठविणे आपल्याकडे अशोभनीय मानले जाते. परंतु घरी आलेला पाहुणा आणि मंदिरात आलेला परका यांत अंतर आहे. पाहुणा बोलावल्यावर येतो व संध्याकाळी आपल्या घरी जातो. परका न बोलावता येतो आणि येथेच राहतो. आपली खरी कसोटी त्याच्यापुढे लागते.

गेल्या तीसचाळीस वर्षांत रेल्वेच्या दोन्ही बाजूंना वस्ती वाढली. मंगळूर, गोवा, केरळ, तामिळनाडू येथील ख्रिस्ती कुटुंबे आली; झारखंडमधून पोटासाठी तरुण मुले-मुली आली. त्याच काळात आपल्या वाड्या विकल्या गेल्या, केळीच्या बागांच्या जागी इमारती उभ्या राहिल्या. अशा वेळी दुसऱ्या भाषेतील मिस्साची मागणी झाली की एखादा वृद्ध धर्मग्रामस्थ विचारतो, “फादर, आमच्याच देवळात आम्ही पाहुणे होणार काय?” या प्रश्नाला संकुचित म्हणून झिडकारणे मला योग्य वाटत नाही. त्यामागे द्वेषापेक्षा दुःख अधिक आहे.

तथापि दुःखालाही पवित्र शास्त्रापुढे उभे राहावे लागते. लेवीय ग्रंथाच्या १९ व्या अध्यायात परक्यावर प्रीती करण्याची आज्ञा आहे आणि तिचे कारणही दिले आहे: इस्राएल स्वतः मिसर देशात परका होता. आज्ञेचा पाया अशा रीतीने स्मरणावर उभारला आहे. ज्याला आपला इतिहास आठवतो, त्यालाच परक्याचे मन कळते.

आपल्यालाही असे स्मरण आहे. संत गोन्सालो गार्सिया याच मातीतला. तो जपानमध्ये परका म्हणून गेला, तेथील भाषा शिकला आणि पुढे फ्रान्सिस्कन बंधूंचा दुभाषी झाला. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकी येथे तो क्रुसावर मरण पावला. त्याच्यासोबतच्या २५ हुतात्म्यांपैकी २० जण जपानी होते. वसईचा परका त्यांच्यात त्यांचा बंधू म्हणून मरण पावला. त्याचा सण साजरा करणाऱ्यांनी दाराशी उभ्या असलेल्या परक्याकडे पाठ कशी फिरवावी?

एका धर्मग्रामात असताना मी पाहिलेली गोष्ट सांगतो. घरकाम करणारी झारखंडची एक मुलगी कित्येक रविवार मागच्या खांबापाशी उभी राहून मिस्सा ऐकत असे. प्रवेशद्वारावर स्वागताचा मोठा फलक होता. पण तिच्याशी कोणी बोलत नव्हते. एका रविवारी लुगडे नेसलेली एक आजी बाकावर सरकली आणि म्हणाली, “ये गो बाय, बस इथे.” तिने गीतांच्या पुस्तकाचे पान काढून दिले. मिस्सा संपल्यावर गावाचे नाव विचारले, घरी चहाला नेले. वर्षभराने तीच मुलगी भाविकांच्या प्रार्थनेतील एक विनंती मराठीत वाचत होती. उच्चार अडखळत होते, पण तिच्यामागून सारे मंदिर प्रतिसाद देत होते.

वृद्धाच्या प्रश्नाचे उत्तर मला तेथे मिळाले. आपली भाषा परक्याच्या येण्याने संपत नाही. आपण त्याच्याशी ती बोललो, तर तोही ती बोलू लागतो. घरातल्या नातवंडांशी मात्र आपणच ती बोलणे सोडले, तर तिला कोण वाचविणार?

संत याकोबाने आपल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात श्रीमंताला मानाची जागा आणि गरिबाला पायाशी जागा देणाऱ्या सभेला खडसावले आहे. म्हणजे श्रद्धेची परीक्षा बसण्याच्या जागेवरूनही होते. समित्या आणि फलक यांना त्यांचे स्थान आहेच. पण येत्या रविवारी आपण बाकाच्या कडेवरून थोडे आत सरकू या. शेजारी येऊन बसणाऱ्याला त्याचे नाव विचारू या, आणि पुढच्या रविवारी त्याला त्या नावाने हाक मारू या.