बलवानांच्या अंगणात

वर्तमानपत्रातले खेळाचे पान उघडले की लोक आधी निकाल वाचतात. मी वेळापत्रक वाचतो. ही खोड मला शाळेने लावली. दर जूनमध्ये आमच्या शाळेचे वेळापत्रक करण्याचे काम गेली कित्येक वर्षे माझ्याच गळ्यात पडत आले आहे. शेवटच्या तासाला गणित ठेवले तर गणिताचे मास्तर रुसतात. पहिल्या तासाला कवायत ठेवली तर मुले घामाघूम होऊन माझ्याच मराठीच्या तासाला पेंगतात. कागदावरच्या त्या चौकटी आखता आखता माझी अशी खात्री होऊन चुकली आहे, की वर्षाचे अर्धेअधिक भवितव्य शाळेची घंटा होण्यापूर्वीच कोणीतरी शिसपेन्सिलीने लिहून ठेवलेले असते.

माझा धाकटा भाऊ अमेरिकेत, नॉर्थ कॅरोलायना राज्यात, राहतो. तिथल्या कॉलेजांच्या बास्केटबॉलचे त्याला वेड आहे. एकदा फोनवर तो म्हणाला, “दादा, तुझ्यासारखाच वेळापत्रक करणारा एक माणूस इथल्या प्रत्येक संघात असतो. फरक एवढाच, की मार कोणाच्या हातचा आणि कोणत्या तारखेला खायचा, हे त्याच्या वेळापत्रकात लिहिलेलं असतं.” झाले! त्या दिवसापासून हा न पाहिलेला माणूस माझ्या मनात घर करून बसला आहे.

त्याचे दुखणे समजण्यासाठी थोडी माहिती हवी. तिकडे वरच्या श्रेणीत साडेतीनशेहून अधिक कॉलेजे बास्केटबॉल खेळतात आणि ती तीसएक गटांत वाटलेली आहेत. हंगामात प्रत्येक संघाच्या वाट्याला सुमारे तीस सामने येतात. त्यांतले बरेचसे आपल्याच गटातल्या संघांशी. ते गटाकडूनच ठरून येतात. उरलेले दहा-बारा मात्र ज्याचे त्याने जुळवायचे आणि बहुतेक नोव्हेंबर-डिसेंबरातच उरकायचे. मार्चमध्ये राष्ट्रीय स्पर्धा होते. 2011 साली तिच्यातल्या संघांची संख्या 68 झाली. प्रत्येक गटाच्या विजेत्याला तिथे मानाचे पान असतेच. बाकीच्या जागा एक निवड समिती बंद दाराआड बसून भरते. बड्या गटातला संघ आठ-दहा सामने हरला तरी समिती त्याला समजून घेते, कारण तो हरला तोही बड्यांशीच. पण मधल्या फळीतले कॉलेज – तिकडे त्याला ‘मिड-मेजर’ म्हणतात – पंचवीस सामने जिंकून आले, तरी समिती चष्म्यावरून पाहून विचारते, “जिंकलात खरे, पण कोणाशी?”

या एका प्रश्नाला उत्तर मिळावे म्हणून आमचा वेळापत्रकवाला उन्हाळाभर बड्या कॉलेजांना फोन करीत बसतो. उपवर मुलीच्या बापाने जसे हेलपाटे घालावेत तसेच ते. बडे कॉलेज धाकट्याच्या अंगणात येत नाही. “तुम्हीच आमच्याकडे या, जाण्यायेण्याचे पाहून घेऊ, वर दक्षिणाही देऊ,” असे ते म्हणते. ही दक्षिणा थोडीथोडकी नसते. एका संध्याकाळचे ऐंशी-नव्वद हजार डॉलर मिळतात. परतीची भेट मात्र नाही. आपल्याकडे लग्नाच्या पंगतीला बोलावले तर फेड करावी लागते; ही पंगत एकतर्फी. आणि यजमानाची अपेक्षा काय, तर पाहुण्याने यावे, वीस-पंचवीस गुणांनी हरावे आणि पाकीट घेऊन मुकाट्याने निघून जावे.

खरी गंमत पुढे आहे. धाकटा संघ अगदीच लेचापेचा असला तर त्याला आमंत्रणांचा तोटा नसतो. तो चांगला आहे असा बोलबाला झाला, की बड्यांचे फोन लागेनासे होतात! त्याला हरवले तर कोणी वाहवा करणार नाही, त्याच्याकडून हरलो तर छी-थू ठरलेली. मग हा सौदा करील कोण? बऱ्यापैकी शिकलेल्या गरीब मुलासारखी त्याची गत होते. हमालाला काम मिळते, साहेबाला मिळते. याला कोणी दारात उभे करीत नाही.

हिशेबाची रीतही पाहण्यासारखी आहे. 1981 पासून तिकडे संघांची प्रतवारी लावण्याचे एक सूत्र होते. त्यात आपल्या स्वतःच्या विजयांना केवळ चार आणे वजन. आठ आणे प्रतिस्पर्ध्यांच्या जयापजयाला आणि उरलेले चार आणे त्या प्रतिस्पर्ध्यांच्या प्रतिस्पर्ध्यांना. म्हणजे रुपयातले बारा आणे तुम्ही कोणाच्या संगतीत बसता त्यावर! आमच्या आजीने हे सूत्र ऐकले असते तर तिला काडीचेही नवल वाटले नसते. 2018 साली ते मोडून नवे सूत्र आणले. त्यात पहिल्या प्रतीचा विजय ठरायला घरच्या मैदानावर पहिल्या तिसांतला संघ हरवावा लागतो. पण परक्याच्या घरी जाऊन पहिल्या पंचाहत्तरांतला हरवला तरी तेवढेच श्रेय मिळते. बड्यांच्या अंगणात जाण्याचे हे एवढे तरी समाधान.

बड्यांना शोधत हिंडणाऱ्या या मंडळींत मला जवळचे वाटतात ते जॉन चेनी. फिलाडेल्फियाच्या टेंपल विद्यापीठात ते 1982 ते 2006 पर्यंत प्रशिक्षक होते. त्यापूर्वी त्यांनी शाळांतून मुले शिकवली होती. म्हणजे जात आमचीच! मुलांना पहाटेच सरावाला बोलावण्याबद्दल ते प्रसिद्ध होते आणि कोणत्याही बलाढ्य संघाशी, कुठेही खेळायला तयार असण्याबद्दलही. त्यांचे खेळाडू बहुतेक गरिबाघरचे; सोप्या शत्रूंशी लढून या मुलांना पुढे जगात काही मिळणार नाही, ही त्यांची धारणा होती. 1988 साली हंगामाच्या अखेरीस त्यांचा संघ देशात पहिल्या क्रमांकावर होता. राष्ट्रीय स्पर्धेत पाच वेळा ते शेवटच्या आठांत पोचले; शेवटच्या चारांत एकदाही नाही. 2021 साली ते वारले.

आता माझ्या भावाच्या घराजवळची गोष्ट. शार्लट शहराच्या उत्तरेला डेव्हिडसन नावाचे लहानसे कॉलेज आहे. विद्यार्थी 2007 च्या सुमारास जेमतेम सतराशे. 2007 साली त्याचे प्रशिक्षक होते बॉब मॅककिलॉप आणि संघात स्टीफन करी नावाचा दुसऱ्या वर्षाचा एक किरकोळ अंगाचा पोरगा. मॅककिलॉपनी त्या हिवाळ्याचे वेळापत्रक केले ते पाहून कोणीही म्हणावे, की या गृहस्थाचे पोरांशी काही वैर असावे. नॉर्थ कॅरोलायना, ड्यूक, यूसीएलए, एनसी स्टेट. एकाहून एक पहिलवान. नॉर्थ कॅरोलायनाशी ते चार गुणांनी हरले, ड्यूकशी सहा, यूसीएलएशी बारा, आणि एनसी स्टेटशी अवघ्या एका गुणाने. शिवाय आणखी दोन पराभव, तेही काही फार मोठ्यांशी नव्हेत. नाताळ आला तेव्हा चार विजय आणि सहा पराभव अशी पाटी होती.

मी मास्तर आहे, म्हणून माझे मन त्या नाताळाच्या सुट्टीपाशी अडखळते. वीस वर्षांची ती मुले घरी गेली असतील, शेजाऱ्यांनी विचारले असेल, “काय रे, कसं चाललंय?” काय सांगितले असेल त्यांनी? चार गुणांनी हरलो, हे सांगताना चार हा आकडा अभिमानाने सांगायचा की लाजेने, हे त्या वयात कोणाला कळते?

आमच्या शाळेत या प्रश्नाने एकदा चांगलीच रणधुमाळी माजवली होती. खेळाच्या शिक्षकांनी कबड्डीचा संघ शहरातल्या एका नामांकित स्पर्धेत उतरवायचे ठरवले. शिक्षकांच्या खोलीत एकजण कडाडले, “पोरांना मार खायला नेता होय?” खेळाचे शिक्षक शांतपणे म्हणाले, “मार खायला नाही, पकड कशाला म्हणतात ती दाखवायला नेतो.” मी बरोबर गेलो होतो. पहिल्याच सामन्यात आमची पोरे सपाटून हरली. परतताना एस.टी.त आमचा एक चढाईपटू खिडकीकडे तोंड करून बसला. त्यानंतर तो मैदानावर आला नाही, कितीही समजावले तरी आला नाही. त्याच्याच बाकावरचा दुसरा मात्र दुसऱ्या दिवसापासून पिंपळाच्या पाराजवळ धाकट्या भावाचा घोटा धरून त्या शहरी पकडीचा सराव करू लागला. एकाच औषधाचे हे दोन गुण. वेळापत्रक करणाऱ्याला दोघांचीही नावे आधी ठाऊक नसतात.

डेव्हिडसनची मुले त्या दुसऱ्या जातीची निघाली. गटातले वीसच्या वीस सामने त्यांनी जिंकले, गटाची स्पर्धा जिंकली आणि सुट्टीनंतरचे सलग 22 विजय घेऊन मार्चमध्ये राष्ट्रीय स्पर्धेत पाय ठेवला. पहिलीच गाठ गोंझागाशी. तोही बड्यांच्या घरी जाऊन जाऊनच नावारूपाला आलेला संघ. करीने 40 गुण केले. मग जॉर्जटाउनशी सतरा गुणांनी मागे पडून ते जिंकले, मग विस्कॉन्सिनला लोळवले. कॉलेजच्या विश्वस्तांनी विद्यार्थ्यांना स्वखर्चाने बसमध्ये घालून डेट्रॉइटला सामन्यांना नेले, हे वाचून मला त्या विश्वस्तांचा हेवा वाटला. शेवटच्या आठांत कॅन्ससशी सामना 59-57 असा येऊन ठेपला. अखेरच्या क्षणी करीने चेंडू सोबत्याकडे दिला, त्याने तो टोपलीकडे फेकला आणि नेम हुकला. कॅन्ससने पुढे विजेतेपद मिळवले. शेवटच्या चारांत आणखी कोण होते म्हणाल, तर नॉर्थ कॅरोलायना आणि यूसीएलए! नोव्हेंबर-डिसेंबरात ज्यांच्याकडून मार खाल्ला तेच. मार्चमध्ये डेव्हिडसनच्या मुलांना कोणाचा बाऊ वाटला नाही याचे कारण मला तरी तिथेच दिसते.

ही कथा इतकी गोड आहे, की दुसऱ्या कथा लोक विसरतात. नोव्हेंबर 2019 मध्ये इव्हान्सव्हिल नावाचे कॉलेज 90 हजार डॉलर दक्षिणा घेऊन केंटकीच्या घरी गेले आणि देशात पहिल्या क्रमांकावर असलेल्या त्या संघाला 67-64 असे हरवून आले. यजमानाने पैसे मोजून स्वतःचे नाक कापून घेतले! पण त्याच इव्हान्सव्हिलने त्या हंगामात आपल्या गटातले अठराच्या अठरा सामने गमावले. एका रात्रीचे शौर्य आणि रोजचा संसार या वेगळ्या गोष्टी आहेत, हे कोणत्याही गृहिणीला विचारावे. आणि 2016 चे मॉनमथ? ते यूसीएलए, नॉत्र डेम, यूएससी आणि जॉर्जटाउन अशा चौघांना लोळवून आले, 27 सामने जिंकले. मात्र गटाच्या अंतिम सामन्यात तीन गुणांनी हरले आणि समितीने त्यांना दाराबाहेरच ठेवले. आपल्याहून धाकट्यांशी झालेले पराभव त्यांना भोवले. समितीला मोठ्या घरच्या ओळखी सांगून भागत नाही. शेजाऱ्यांचेही दाखले लागतात.

हल्ली आणखी एक संकट आले आहे. 2021 पासून खेळाडूला एक वर्ष बसून न राहता कॉलेज बदलता येते. बड्याच्या अंगणात जाऊन पोराने तीस गुण केले, की यजमानाच्या डोळ्यांत ते भरते. पुढल्या हंगामात तोच पोरगा यजमानाच्या गणवेशात. वेळापत्रकवाल्याने इतके फोन करून मिळवलेला सामना म्हणजे मुलगी दाखवण्याचाच कार्यक्रम ठरतो.

आणि डेव्हिडसन? करी तिसऱ्या वर्षाला गेला तेव्हा मॅककिलॉपनी पुन्हा तसेच वेळापत्रक केले. ओक्लाहोमाच्या घरी करीने 44 गुण केले तरी चार गुणांनी हार. पर्ड्यूशी हार, ड्यूकशी हार. एनसी स्टेट आणि वेस्ट व्हर्जिनिया यांना मात्र त्यांनी हरवले. पुढे गटाच्या उपान्त्य सामन्यात चार्ल्स्टन कॉलेजने त्यांना 59-52 असे पाडले. ज्या दिवशी समितीने नावे वाचली, त्या दिवशी यादीत डेव्हिडसन नव्हते. भाऊ सांगतो, दुय्यम स्पर्धेचे आमंत्रण आले तेव्हा करीसह सगळे खेळायला गेले. पहिला सामना साउथ कॅरोलायनाच्या घरी होता, तो त्यांनी जिंकला.